गेरू आणि त्याचा चित्रकार

चित्रकाराचा कुत्रा तुमच्याही ओळखीचा असणारच. बेल वाजली की भुंकतो, आणि दार उघडलं की तुमच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर प्रुशियन ब्लूचा पंजा उमटवून मोकळा होतो. आमच्या चित्रकार मित्राकडे असला एक नमुना आहे. नाव गेरू. आखूड पायांचा, लांबोडका डॅशहाउंड. मी लेंग्याकडे बघत उभा, तर मित्र म्हणतो, "धुऊ नकोस! पिकासोच्या लम्पचा पंजा असता तर लिलावात गेला असता."

हा लम्प म्हणजे आमच्या मित्राचं दैवत. 1957 साली डेव्हिड डग्लस डंकन हा छायाचित्रकार आपला डॅशहाउंड घेऊन फ्रान्समध्ये कान इथे पिकासोच्या बंगल्यावर गेला. पिकासोने पहिल्याच जेवणाला त्या कुत्र्याचं चित्र चक्क बशीवर काढलं. लम्पने तिथेच मुक्काम ठोकला. मित्राकडे ही कथा सत्यनारायणाच्या पोथीसारखी चालते. गेरूचा अपराध कुठलाही असो, अध्याय निघतोच.

गेरू ओल्या कॅनव्हासवर बसला. निसर्गचित्रातल्या नदीत शेपटीचा हा एवढा फराटा! "लम्पने तर पिकासोने केलेला पुठ्ठ्याचा ससा खाऊन टाकला होता. ओरिजिनल पिकासो!"

गेरूने वहिनींची चप्पल कुरतडली. "लम्पने..."

"लम्पने चप्पल खाल्ली होती का?" वहिनी.

"नसेल. पण पिकासो ओरडला नसता."

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेरूने समईला प्रदक्षिणा घातली आणि प्रमुख पाहुण्यांच्या बुटावर पाय वर केला. मित्राने तिथल्या तिथे माइक हातात घेतला. वेलाझ्केथच्या 'लास मेनिनास'मध्ये पुढ्यात भला थोरला कुत्रा बसलाय. पिकासोने त्या चित्रावर मालिका केली तेव्हा त्याला हाकलून तिथे लम्पला आणलं! याचा बुटाशी संबंध काय, हे विचारायला पाहुणे जागेवर नव्हते. ते नळ शोधत होते.

एक मात्र कबूल करायला हवं. या माणसाची चित्रं खपत नाहीत. आम्ही जातो, 'छान' म्हणतो, चहा पितो आणि सटकतो. काम चालू असताना शेवटपर्यंत बसतो तो गेरू. ब्रश फार वेळ थांबला तर उठून मित्राच्या पावलावर हनुवटी ठेवतो. ब्रश हलला की परत जागेवर.

यंदा गेरूची पाठ गेली. या जातीला ते दुखणं लागलेलंच, लम्पलाही होतं. स्टुलावर चढता येईना, तसे मित्राने इझलचे पाय करवतीने कापले आणि स्वतः फरशीवर फतकल मारली. पोथीचा शेवटचा अध्याय तो वाचत नाही. 1973 साली आधी लम्प गेला आणि दहा दिवसांत पिकासो. मी एकदा तिथवर आलो, तर वहिनींनी डोळे वटारले.

फरशीवरून दिसतं तेच आता तो रंगवतो. टेबलाचे पाय, उंबरठा, पलंगाखालची ट्रंक, वहिनींच्या भेगाळलेल्या टाचा. आणि गंमत म्हणजे ही चित्रं विकली जातायत. वहिनींची तक्रार एकच.

"जन्मभर चेहरा काढला नाही माझा. आणि कुत्र्याच्या नादाने टाचा भिंतीवर लावल्या लोकांच्या!"