टेस्टर काका

मशीनमध्ये पाणी येत नाही, हे आमच्या सोसायटीत आधी मशीनच्या मालकाला कळतं आणि लगोलग टेस्टर काकांना. मधल्या मधे ही बातमी कोण पोचवतं, याचा छडा अजून लागलेला नाही. वॉचमनवर संशय आहे. घरधनी कंपनीच्या नंबरवर 'आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है' ऐकत असतात, तोवर बेल वाजते. दारात काका. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक पेन आणि एक टेस्टर, हातात पकड, पायात घरातल्याच सपाता. "काय म्हणतंय मशीन?" असं विचारत ते उत्तराची वाट न बघता थेट ड्राय बाल्कनीत पोचतात. सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटचा नकाशा एकच असल्याचा खरा फायदा कोणाला झाला असेल, तर तो त्यांना.

काका पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातून, मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झाले. पुण्यातल्या बहुतेक जुन्या सोसायट्यांत असे एक काका असतात. कोथरूडला एकेका इमारतीत दोन असतात आणि त्यांचं आपसात बोलणं नसतं. उभी हयात या माणसांनी मशीन बंद पडलं की धावत जायचं, एवढंच केलेलं. रात्रपाळीला प्रेस अडकला की घरी जीप यायची. आता जीप येत नाही, मुलगा परदेशातून व्हिडिओ कॉलवर 'बाबा, नवीन घ्या ना' म्हणतो, आणि घरातला मिक्सर मेला दगाफटका न करता रोज चटणी वाटतो. माणसाने करायचं काय?

म्हणून काकांची दुरुस्ती सावकाश चालते. आणि ती इतिहासापासून सुरू होते. पाण्याचा प्रश्न निघाला की काका आधी पानशेतला जातात. १२ जुलै १९६१, धरण फुटलं, तेव्हा ते शाळेत होते, आणि पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं हे ते आजही जिन्यात उभं राहून दाखवतात. (जिना नव्या इमारतीचा आहे. पण ते असो.) तिथून मागे नानासाहेब पेशव्यांवर. कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, आणि तेही पंप न लावता! नुसत्या उतारावर! "आणि तुम्हाला गच्चीवरच्या टाकीतून खाली मशीनमध्ये पाणी आणता येत नाही," असं म्हणून ते आपल्याकडे बघतात. आपण ओशाळतो.

परवा सातव्या मजल्यावरच्या वहिनींचं मशीन अडलं. वरून कपडे टाकायचं, साधं टॉप लोड. बटण दाबलं की घुं करायचं, पाणी काही यायचं नाही, आणि थोड्या वेळाने शिट्टी मारून पडद्यावर 'आयई' अशी अक्षरं दाखवायचं. वहिनींनी कंपनीत तक्रार नोंदवली होती. काका आले तेव्हा त्या म्हणाल्या, "पाईपच्या तोंडाशी जाळी असते ना हो, ती बघू या का?"

"जाळी शेवटी," काका म्हणाले.

काकांच्या शास्त्रात कारणांची उतरंड असते. सर्वांत वर पीसीबी, म्हणजे मशीनचा मेंदू. तो गेला तर खर्चही तसाच, प्रतिष्ठाही तशीच. खालोखाल प्रेशर स्विच, मग झडप, मग वायरिंग. जाळी, पिळलेला पाईप, आणि कामवाल्या बाईंनी बंद केलेला नळ ही मंडळी तळाला. नळ बंद निघाला तर काय? तो उघडायचा आणि घरी जायचं. चहाचं आधणसुद्धा तोवर आलेलं नसतं.

त्यांनी गच्चीकडे बोट केलं. "टाकीचा तळ इथून किती वर? तीन मीटर धरा. दहा मीटर पाण्याला एक बार दाब. म्हणजे तुमच्या नळाला किती? ०.३ बार. आणि मशीनच्या पुस्तकात कमीत कमी किती लिहिलंय? आणा पुस्तक." पुस्तक आलं. ०.३च निघालं. काका विजयी मुद्रेने म्हणाले, "म्हणजे तुमचं मशीन काठावर पास होतंय. पहिल्या मजल्यावर याच नळाला दोन बारच्या आसपास मिळतो. वरच्यांना पंप लावावा लागतो, मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं."

"पण काका," वहिनी म्हणाल्या, "टाकी बुधवारीही तिथेच होती. आणि बुधवारी मशीन भरलं."

काका थांबले. हिशेब बिनचूक होता. बुधवार मधे आला.

मग ते गुडघ्यावर बसले, मशीनच्या मागच्या अंगाला कान लावला आणि वहिनींना बटण दाबायला सांगितलं. घुं. इथे मात्र मान्य करायला हवं की काका नुसते बोलघेवडे नाहीत. "ऐकलंत? आवाज येतोय, म्हणजे झडपेच्या कॉईलला करंट पोचतोय. पीसीबीने हुकूम सोडलाय, झडप उघडायला बघतेय. काही आवाज नसता तर मी म्हटलं असतं कॉईल जळली, नाहीतर वर करंटच येत नाही. म्हणजे अडलंय ते पाणी, झडपेच्या अलीकडे." न खोलता, न मीटर लावता, नुसत्या कानाने माणसाने गुन्हेगाराला पाईपच्या तोंडाशी गाठला होता.

आणि गाठल्यावर काका उठून म्हणाले, "आता एकेक शक्यता बाद करू."

सांडपाण्याचा पाईप उचलून बघितला. तो फार खाली पडला तर आत आलेलं पाणी लगेच बाहेर जातं आणि मशीन कधी भरतच नाही. हे खरं आहे, पण इथे आत काही आलेलंच नव्हतं. मग प्रेशर स्विच. ड्रममधल्या पाण्याने एका बारीक नळीत हवा दाबली जाते आणि त्यावरून पाणी किती भरलं ते मशीनला कळतं. स्विच अडकला तर रिकाम्या पोटी मशीन पोट भरल्याचं सांगतं. हेही खरं. पण मग त्याने झडपेला हाकच मारली नसती, घुं कुठून आलं असतं? हे वहिनींनी विचारलं नाही, कारण त्या भिजवलेल्या कपड्यांकडे बघत होत्या. काका मागचं झाकण काढायला स्क्रू शोधू लागले आणि शेजारचे दोन गृहस्थ टॉर्च धरायला आले. टॉर्च धरणारे हा आणखी एक प्रकार आहे. त्यांना उजेड कुठे पाडायचा हे कधीच कळत नाही.

एवढ्यात कंपनीचा मुलगा आला. विशीतला, पाठीवर सॅक. काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मुलाने बटण दाबलं, घुं ऐकलं, नळाचा कॉक बंद केला, खाली बादली सरकवली, पाईपची चकली फिरवली आणि पकडीने झडपेच्या तोंडातली बोटाच्या पेराएवढी जाळी ओढून काढली. ती मातीने गच्च होती. "गुरुवारी पाणी बंद होतं ना," तो म्हणाला. "टाकी तळाला गेली की गाळ खाली उतरतो. शुक्रवार-शनिवार मला सगळी हीच कामं." जुना टूथब्रश मागितला, जाळी घासली, बसवली, कॉक सोडला. मशीन भरायला लागलं.

बाल्कनीत शांतता. टॉर्चवाले निघून गेले. काका मात्र हलेनात. सर्वांना वाटलं, आता व्हिजिट चार्जवरून भांडण होणार. काकांनी घसा खाकरला.

"या झडपेच्या कॉईलचा रेझिस्टन्स किती?"

"चार किलोओहमच्या आसपास," मुलगा सॅक भरत म्हणाला. "पण काका, आवाज येत होता ना? मग मीटर कशाला लावायचा?"

काकांचा चेहरा असा उजळला, की वहिनींनी आपसूक चहाचा एक कप वाढवला. "आयटीआय कुठली?" औंध. "ट्रेड?" इलेक्ट्रिशियन. "प्रॅक्टिकलला कोण होतं?" त्या नावाचा माणूस काकांना माहीत नव्हता, तरी त्यांनी ओळखीचा असल्यासारखी मान डोलावली. स्वतःचा चहा त्याच्यापुढे सरकवला, नोकरी कायम आहे का विचारलं, कंत्राटी आहे कळल्यावर कंपनीला दोन शिव्या दिल्या, आणि पानशेतबद्दल त्याला काही माहीत आहे का याची चौकशी सुरू केली. मुलाला पुढच्या कॉलला जायचं होतं. काका त्याची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेऊन लिफ्टपर्यंत निघाले.

लिफ्टचं दार लागणार, तेवढ्यात जिन्याच्या खालच्या वळणावरून काकूंचा आवाज आला.

"अहो, तो मुलगा आहे ना अजून? त्याला तसाच आपल्याकडे आणा. आपलं मशीन दिवाळीपासून उघडून ठेवलंय तुम्ही."