कचेरीच्या वाटेवरचं गिऱ्हाईक

मुंबईत ताडदेवला १९९९ साली 'क्रॉसरोड्स' नावाचा मॉल उघडला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मॉलपैकी तो एक. बघ्यांची एवढी झुंबड उडाली की चालक मंडळी घाबरली. दुकान टाकणारा गर्दीला घाबरला, असं आमच्या चंदगडात कुणाला सांगितलं तर तो आधी माझं तोंड हुंगून बघेल. पण घाबरले खरे. मग काही काळ असा नियम होता, की खिशात मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यालाच आत सोडायचं. नसेल त्यानं पैसे भरावेत. पुढे नियम गेला, मालक बदलले, नाव 'सोबो सेंट्रल' झालं. पण गेलेली रया काही परत आली नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा पुतण्या. तो पुण्यात थकल्या-भागल्या मॉलना पुन्हा उभं करायच्या धंद्यात आहे. गणपतीला गावी आला की आरतीच्या आधी फरशी, दिवे, सरकते जिने असं सगळं ऐकवतो. यंदा मात्र त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, "काका, फरशी बदलून काही होत नाही ओ. माणसाला घरातून निघायला दुसरं काहीतरी काम पाहिजे. दवाखाना पाहिजे, क्लास पाहिजे, सरकारी खिडकी पाहिजे." अमेरिकेत नॅशव्हिलला 'वन हंड्रेड ओक्स' नावाचा मॉल ओस पडला होता. त्यातली निम्मी जागा २००९ च्या सुमारास व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयानं घेतली आणि मॉल पुन्हा माणसांत आला. रक्त तपासायला आलेला माणूस जाताना चपला घेऊन जातो, असा त्या शास्त्राचा सारांश.

मी मान डोलावली. एवढ्यासाठी अमेरिकेला जायचं कारण नव्हतं.

आमच्याकडे नुसती खरेदी करायला घर सोडतो कोण? पारगडाकडचा माणूस एस्टीतून उतरतो तो सातबारा, पीककर्ज, पोराचा दाखला, नाहीतर दाढदुखी घेऊन. कुठल्याही तालुक्याच्या गावी असतं तसं, साहेब मीटिंगला गेलेले असतात. "जेवणानंतर या." बाजार उभा आहे तो या तीन तासांवर. माणूस चहा घेतो, छत्रीची मोडलेली काडी बसवून घेतो, विळ्याला धार लावून घेतो, पावसाळा तोंडावर असेल तर ताडपत्रीचा भाव विचारून ठेवतो. काजूबी विकून चार पैसे हातात असले तर सोनाराकडेही डोकावतो, घ्यायचं नसलं तरी. महाराष्ट्रातल्या किरकोळ व्यापाराला सरकारनं दिलेली सगळ्यात मोठी सवलत कोणती, तर "उद्या या". ऑनलाइन दाखले सुरू झाले तेव्हा नागरिकांची सोय झाली म्हणून मी टाळ्या वाजवल्या. चहावाल्यानं वाजवल्या नाहीत.

फक्त लग्नाचा बस्ता या हिशोबात बसत नाही. त्याला आम्ही अजून बेळगावलाच जातो, खडेबाजारात, गणपत गल्लीत, जीपभर माणसं घेऊन. चंदगड तालुका पूर्वी बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड तेवढं काढून कोल्हापूरला जोडलं. कागदपत्रांची वाट कोल्हापूरकडे वळली, शंभरावर किलोमीटर. शालूची वाट चाळीसेक किलोमीटरवर होती तिथंच राहिली. बाजाराची जागा राजपत्रात छापून हलत नाही, हे पुतण्याच्या कंपनीनं ध्यानात घ्यायला हरकत नाही.

गंमत अशी, की राज्यांच्या त्या पुनर्रचनेच्या आदल्याच महिन्यात, ऑक्टोबर १९५६ मध्ये, अमेरिकेत मिनियापोलिसजवळ 'साउथडेल' हा पहिला बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. त्याचा आराखडा काढणारा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रुएन मूळचा व्हिएन्नाचा. त्याच्या आराखड्यात दुकानांभोवती घरं होती, शाळा होती, दवाखाना होता, तळं होतं. बांधणाऱ्यांनी त्यातली दुकानं तेवढी उचलली आणि उरलेल्या जागेत गाड्या उभ्या केल्या. म्हातारपणी ग्रुएन वैतागून म्हणायचा, की असल्या बाजारांचं बापपण माझ्या माथी मारू नका. बिचारा. त्याला चंदगडचा एस्टी स्टँड दाखवायला हवा होता. तळं सोडलं तर बाकी सगळं मिळालं असतं, आणि जुलैत तळंही.

पुतण्याला मी जाता जाता फुकट सल्ला दिला. म्हटलं, मॉलमध्ये सरकारी खिडकी आणतोयस ना, मग अर्ज तळमजल्यावर ठेव, झेरॉक्स दुसऱ्या मजल्यावर, फोटोवाला तिसऱ्यावर, आणि सही करणारा साहेब चौथ्यावर, जेवायला गेलेला. तो खो खो हसला. मग वही काढून म्हणाला, "झेरॉक्सला साधारण किती स्क्वेअर फूट लागेल, काका?"