पाथकाका

हिंजवडीतल्या बहुतेक कंपन्यांत सर्व्हरवाल्यांच्या कोपऱ्यात एक पाथकाका सापडतो. हुद्दा सीनियर काहीतरी, पायात चपला, एसीमुळे अंगात बारमाही स्वेटर. रात्री क्रॉनवर लावलेली स्क्रिप्ट पडली की सकाळी पोरं त्यांच्यासमोर हजर.

"काका, हातानं चालवली की चालते हो!"

हे ऐकलं की काकांची कळी खुलते. स्क्रिप्टकडे ते ढुंकूनही बघत नाहीत.

"कोण चालवतंय?"

"मीच."

"रात्री दोनला उठून?"

पोरगं गप्प. मग कळतं ते असं, की आपण लॉगिन केलं की प्रोफाइल वाचलं जातं, पाथमध्ये दहा फोल्डरांची नावं भरली जातात. क्रॉन त्यातलं काहीच वाचत नाही. त्याच्या पाथमध्ये बहुधा यूएसआर-बिन आणि बिन, एवढंच. आणि साहेबांनी जावा ठेवलीय ऑप्टमध्ये!

काका कीबोर्डला शिवत नाहीत. चहाचा कप घेऊन पाठीमागे उभे. "सेट मायनस एक्स टाक. आता चालव." प्रत्येक ओळ व्हेरिएबलच्या जागी खरी किंमत भरून पडद्यावर उमटू लागते. "थांब! इथे काय आलं? काहीच नाही ना? एक्सपोर्ट कोण करणार, मी?"

एक्सपोर्टवर तर त्यांचं प्रवचनच आहे. बापानं एक्सपोर्ट केलं तेवढंच पोराच्या हाती लागतं. पोरानं स्वतःत कितीही बदल केले तरी बापात काडीचा फरक पडत नाही. हे त्यांनी एकदा घरी जेवताना सांगितलं. काकू म्हणाल्या, "ते दिसतंच आहे." त्यांचा मुलगा भात कालवत राहिला.

आरएम मायनस आरएफपुढे व्हेरिएबल आणि लगेच स्लॅश दिसला, की मात्र काकांच्या हातातला कप टेबलावर येतो. व्हेरिएबल रिकामं निघालं तर मागे उरतो नुसता स्लॅश, म्हणजे अख्खं यंत्र! २०१५ साली लिनक्सवरच्या स्टीमच्या स्क्रिप्टनं अशाच एका ओळीपायी लोकांच्या फायली साफ केल्या होत्या. लिहिणाऱ्यानं त्या ओळीच्या डोक्यावर 'भीतीदायक!' अशी टीपही टाकून ठेवली होती. "भीती वाटत होती तर लिहिलीस कशाला?" काका आजही त्या अनोळखी माणसाला विचारतात. वास्तविक सेट मायनस यू लावलं, की ठरवलेलंच नसलेलं व्हेरिएबल आलं की स्क्रिप्ट जागीच थांबते. पण ठरवलेलं असून रिकामं असलं तर ती खुशाल पुढे जाते, आणि हा 'पण' सांगताना काकांना जो आनंद होतो तो इन्क्रिमेंटच्या पत्रानंही होत नाही.

विंडोजवर लिहून आणलेली स्क्रिप्ट ते वास घेऊन ओळखतात म्हणे. ओळीच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर असतं, बाकी चमत्कार नाही.

गेल्या मार्चमध्ये काका निवृत्त झाले. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, ओळखपत्र जमा झालं. त्यांचं सर्व्हरवरचं खातं मात्र कुणी बंद करत नाही. निम्म्या कंपनीच्या स्क्रिप्टी त्यांच्या होम फोल्डरचा पत्ता लावून चालतात, आणि नेमक्या कुठल्या, हे फक्त काकांना माहीत आहे. सल्लागार म्हणून त्यांचा तासाचा दर पगाराच्या तिप्पट आहे.