वलयमास्तर

आमच्या बाजारकुणंगच्या नावात बाजार आहे, म्हणून मास्तर गावाला ‘मध्यवर्ती व्यापार क्षेत्र’ म्हणतात. मोठ्या खरेदीला आम्ही रामनगर, नाहीतर बेळगाव गाठतो, हे ते मनावर घेत नाहीत. भूगोल शिकवून मास्तर कधीच निवृत्त झाले, पण १९२५ साली समाजशास्त्रज्ञ बर्जेसनं शिकागोवर काढलेली पाच वलयं काही त्यांच्या डोक्यातून निवृत्त होईनात. मधोमध बाजारपेठ, भोवती कारखाने आणि पडक्या चाळींचा पट्टा, मग कामगारांची घरं, मग बऱ्यापैकी कमावणाऱ्यांची, आणि सगळ्यांच्या बाहेर रोज ये-जा करणारे. बायकोनं अंगणात सडा टाकला तरी हे आधी मधला थेंब शोधतात.

त्यांच्याकडं बेळगावचा एक नकाशा आहे. कर्कटकाचं टोक इतक्यांदा टोचलंय की बाजारपेठेच्या जागी भोक पडलंय. मोठी वलयं कर्कटकाच्या आवाक्याबाहेर जातात, ती पिठाच्या डब्याच्या झाकणानं काढलेली. त्यामुळं टिळकवाडीवर अजून थोडी कणीक आहे.

एकदा त्यांच्याबरोबर बेळगावला जायचा योग आला. खानापूर रोडनं गाडी शहरात शिरताना उद्यमबागेतले कारखाने लागले. मास्तर सावरून बसले. “हे इथं कसे? हे आत पाहिजेत.” पुढं टिळकवाडी आली, झाडं, टुमदार बंगले. “आणि हे बाहेर पाहिजेत! अहो, हे शहर बनियनसारखं उलटं घातलंय!” कंडक्टरनं वळून पाहिलं. कॅम्पात तर जमीन लष्कराची, तिथं भाव लावायला जाणार कोण? मास्तरांनी तेवढा भाग नकाशावर बोटानं झाकला.

खरी पंचाईत शहापुरात झाली. संस्थानं विलीन होईपर्यंत शहापूर सांगलीकरांचं, त्यामुळं त्याची पेठ वेगळी. खडेबाजार बेळगावात एक आणि इथं दुसरा. मी भीत भीत म्हटलं, “मास्तर, हॅरिस आणि उलमन यांचा १९४५ चा बहुकेंद्र सिद्धांत आहे की. त्यात बसेल.”

मास्तरांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना दुसरं लग्न सुचवलं. “एका शहराला एकच केंद्र. दोन-दोन संसार आपल्याला जमायचे नाहीत.”

वडगावात एका विणकराच्या दारात ते थांबले. आत माग खडखडत होता. “तुम्ही काम करता कुठं आणि राहता कुठं?” माग न थांबवता उत्तर आलं, “लाइट गेली की राहतो.” मास्तरांनी त्या घराला वस्तीचा पिवळा रंग दिला, मग त्यावरच कारखान्याचा जांभळा. आता तिथं नकाशावर कसलासा डाग दिसतो.

परत आल्यावर शहरं नासलेली आहेत असं ठरवून त्यांनी आपला तालुकाच घेतला. कुणब्यांची घरं रानात विखुरलेली, पण मास्तर डगमगले नाहीत. केंद्र म्हणून, अर्थात, सुपा. जुनी माणसं अजूनही सुपा तालुकाच म्हणतात. टोक रोवलं आणि हात थबकला. काळी नदीवर धरण झालं तेव्हा सुपा गाव बुडालं. कचेरी जोयड्याला गेली, बरीच माणसं रामनगरला. टोक निळ्या रंगात उभं होतं.

मी गप्प. मास्तरांनी तरीही पहिलं वलय पुरं फिरवलं, पेन्सिलीवरची भुकटी फुंकली आणि म्हणाले, “मिशिगन सरोवरामुळं शिकागोची वलयं अर्धीच उरली. आमचं पहिलं तर आख्खं पाण्यात. एवढ्यापुरते आपण पुढं.”