हजेरीपटावरचा नगरसेवक

1956 च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मराठी मुलखाला जोडले गेले, तरी उरलेल्या जिल्ह्यातून मराठी काही गेली नाही. त्यामुळे आदिलाबाद शहराच्या नगरपालिकेत तेलुगू कागद, उर्दू टोमणा आणि मराठी कुरकुर एकाच टेबलावर नांदतात, आणि या त्रिवेणी संगमावर जे अनेक सार्वजनिक जीव पोसले जातात त्यांत ‘हजेरीवीर’ नगरसेवक हा विशेष अभ्यासनीय ठरतो.

जानेवारी 2020 च्या निवडणुकीत या नगरपालिकेचे 49 वॉर्ड होते आणि प्रत्येक वॉर्डातून एक नगरसेवक निवडला गेला. सभांना दीर्घकाळ गैरहजर राहणाऱ्याचे सदस्यत्व धोक्यात येते, एवढे एकच कलम हजेरीवीराला तोंडपाठ असते. म्हणून सभा सुरू होण्यापूर्वी तो पोचतो, कारकुनाच्याच पेनाने हजेरीपटावर आडवी, ऐसपैस, खाली दोन टिंबे असलेली सही ठोकतो आणि पेन स्वतःच्या खिशाला लावतो. गणपूर्ती, म्हणजे सभा कायदेशीर ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, त्याच्यामुळे साधते. पुढचे काम मात्र तो समोशावर सोपवतो.

विषयपत्रिका, म्हणजे सभेपुढे येणाऱ्या विषयांची यादी, तेलुगूत असते. हजेरीवीर तिच्यात फक्त स्वतःच्या वॉर्डाचा आकडा शोधतो आणि तो सापडला नाही की तिचा पंखा करतो. ठराव मांडणारा तो सूचक आणि त्याला पाठिंबा देणारा तो अनुमोदक, या दोन भूमिकांपैकी दुसरी त्याने जन्मभरासाठी पत्करलेली असते, कारण सूचकाला निदान विषय तरी माहीत असावा लागतो. अध्यक्षांनी वर पाहिले की तो ‘सरे’ म्हणतो. तेलुगूत या शब्दाचा अर्थ ‘ठीक आहे’. मराठी कानाला मात्र त्यात ‘सरणे’, म्हणजे संपणे, ऐकू येते, आणि विषयही तेवढ्यातच संपतो.

त्याला निव्वळ आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. रात्री अकराला वॉर्डातला खांबावरचा दिवा गेला तर वायरमनला झोपेतून उठवून आणणारा, नळाला पाणी आले नाही तर टँकरच्या पुढे मोटारसायकल घालणारा हाच असतो. शिवाय तेलंगणाच्या 2019 च्या नगरपालिका कायद्याने वॉर्डात लावलेल्या रोपांपैकी 85 टक्के जगवण्याची जबाबदारी नगरसेवकावर टाकून त्यात कसूर झाल्यास पद जाण्याची तरतूद केल्यापासून लाखोंच्या ठरावावर मान डोलावणारा हा गृहस्थ कडुनिंबाचे एकेक रोप बोटावर मोजतो आणि शेळी दिसली की सभेत कधी न लागलेला सूर लावतो. मतदार त्याला याच कामांसाठी निवडून देतो. सभेत तो काय बोलला, हे त्याला कोणी विचारत नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवण्याची त्याला गरज वाटत नाही.

जानेवारी 2025 मध्ये मुदत संपून कारभार विशेष अधिकाऱ्याकडे, म्हणजे निवडलेल्या मंडळाऐवजी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, गेला. ठराव एका सहीने होऊ लागले. हजेरीवीर मात्र दिवा गेला की पूर्वीसारखाच वायरमनला उठवत राहिला आणि आपले नेमके काय गेले याचा विचार करताना त्याचा हात खिशाकडे गेला. कारकुनाचे पेन तिथेच होते. त्याने स्वतःशीच म्हटले, ‘सरे’. यावेळी त्या शब्दाचा मराठी अर्थच खरा होता.