आयटी

मे महिन्यात भोसरीच्या एमआयडीसीत कुणी स्वेटर घालून फिरताना दिसला, तर तो आजारी नसतो; तो आयटी असतो. शॉप फ्लोअरवर पत्र्याखाली माणसं घामाने निथळत असतात, थोरल्या साहेबांच्या केबिनचा एसी गेल्या उन्हाळ्यापासून 'मेकॅनिक येतोय' या अवस्थेत असतो, पण सर्व्हर रूममध्ये बारा महिने पौष. तिथून तो बाहेर येतो तो हात चोळत, आणि कुणीतरी लगेच म्हणतं, "आयटी, बरं झालं भेटलात!"

त्याला नावाने हाक मारणारं कंपनीत कुणी नाही. साहेबांच्या तोंडी 'आयटीला बोलवा', शिपायाच्या तोंडी 'आयटीसाहेब', कँटीनवाल्याच्या तोंडी 'आयटीभाऊ'. सव्वाचारशे माणसांची नावं, आडनावं, खाती आणि खात्यांचे स्पेलिंग ज्याच्या कॉम्प्युटरवर आहेत, त्याचं स्वतःचं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर असतं.

त्याचं काम काय, हे सांगायला गेलं तर सोपं आहे. कंपनीत कोण आहे याच्या दोन याद्या असतात. एक इथली, सर्व्हर रूममधली, ॲक्टिव्ह डिरेक्टरी. ती विंडोज २००० बरोबर जगात आली आणि इथे आल्यापासून तिने कुणालाच विसरायचं नाव घेतलेलं नाही. निवृत्त झालेले स्टोअरकीपरही तिच्यात 'डिसेबल' होऊन सुखात आहेत. दुसरी यादी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर. ईमेल, टीम्स, सगळं त्या यादीत नाव असेल तरच उघडतं. तिचं नाव अझूर एडी होतं, २०२३ साली ते एन्ट्रा आयडी झालं. आयटी अजून 'क्लाउडवाली एडी' म्हणतो. इथल्या यादीतले बदल तिकडे पोचवणाऱ्या प्रोग्रामचंही तसंच. तो आधी डिरसिंक होता, पुढे अझूर एडी कनेक्ट झाला, आता एन्ट्रा कनेक्ट आहे. आयटी त्याला नुसतं 'सिंक' म्हणतो आणि दर नव्या नावाला दाद न देता जुनाच शॉर्टकट वापरतो.

हे सिंक दर तीस मिनिटांनी धावतं. म्हणून त्याचं पेटंट वाक्य, "अर्धा तास थांबा." आता प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि तहसील कचेरीतला कारकून यांच्या अर्ध्या तासांवर पोसलेला माणूस हे ऐकून मनातल्या मनात उद्याची तारीख धरतो. पण अख्ख्या महाराष्ट्रात खरा असलेला हा बहुधा एकच अर्धा तास असावा. पासवर्ड बदलला तर तो तेवढाही वेळ घेत नाही, दोनेक मिनिटांत वर जातो. आयटी मात्र त्यालाही अर्धा तासच सांगतो. "दोन मिनिटं म्हटलं की लोक फोन ठेवत नाहीत," तो म्हणतो. "शांतपणे श्वास घेत बसतात पलीकडे."

वाट न बघता सिंक लगेच सोडायची आज्ञाही असते. तिच्यात 'सिंक' हा शब्द लागोपाठ दोनदा येतो. एकदा सांगून ऐकायचं नाही ही सवय सॉफ्टवेअरलाही आहे. ही आज्ञा कुणासाठी द्यायची, यात मात्र पूर्ण सामाजिक व्यवस्था आहे. साहेबांसाठी ताबडतोब. अकाउंट्सच्या मॅडमसाठी ताबडतोब, कारण त्याच्या टॅक्सीची बिलं त्यांच्या टेबलावरून जातात. मार्केटिंगला अर्धा तास. एचआरला, अर्धा तास आत्ताच होऊन गेला असला तरी, पुढचा.

एचआरशी त्याचं जुनं वैर. कुणी नोकरीला लागला की त्यांची मेल येते सकाळी साडेनऊला, आणि नवा माणूस रिसेप्शनवर बसलेला असतो सव्वानऊपासून. कुणी सोडून गेला तर मेल येतच नाही. म्हणून आयटीने स्वतःची पद्धत बसवली: कँटीनमध्ये निरोपाचे समोसे दिसले की जायचं, दोन खायचे, निरोपमूर्तीशी हात मिळवायचा आणि परत येऊन त्याचं खातं बंद करायचं. एकदा पेंट शॉपच्या सुपरवायझरने मुलगी झाली म्हणून समोसे-जिलेबी वाटली. बिचारा अभिनंदनाच्या मेल उघडायला गेला, तर कंपनी त्याला ओळखेना. हे घडल्यावर आयटीने पद्धत बदलली नाही, फक्त जिलेबी असल्यास आधी चौकशी करतो.

नावांचा छळ वेगळाच. संतोष पाटील हे नाव आपल्याकडे किती जणांना असावं यावर कायदा नाही. पहिल्याला साधा 'संतोष.पाटील' मिळतो, पुढच्यांना शेपटीला आकडे. दोघांच्या खात्यांवर चुकून एकच ईमेल पत्ता पडला, तर क्लाउड तो एकालाच देतो, दुसऱ्याचा बाजूला काढून ठेवतो आणि तक्रार आयटीकडे धाडतो. जुन्या पद्धतीच्या लॉगिन नावाला तर वीस अक्षरांची मर्यादा आहे. एखादा ज्ञानेश्वर कोल्हापुरे आला, तर इंग्रजीत मधल्या टिंबासकट त्याची एकवीस होतात. शेवटचा 'ई' गळतो आणि तो माणूस नोकरीच्या पहिल्याच दिवशी कोल्हापूर होतो.

लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या मुलींचं काम तो उत्साहाने करतो. प्रत्येक खात्याच्या पोटात एक न बदलणारी खूण असते. वर नाव काहीही करा, दोन्ही याद्या एकमेकींतल्या माणसाला त्या खुणेवरून ओळखतात. "सासरचं घ्या, माहेरचं ठेवा, दोन्ही जोडा," तो सांगतो, "आतून तुम्ही त्याच." एवढी प्रगत भूमिका त्याने घरी कधी घेतल्याचं ऐकिवात नाही.

"तुम्हाला आमचे पासवर्ड दिसतात ना हो?" हा प्रश्न त्याला जेवणाच्या टेबलावर हमखास येतो. तो चमचा खाली ठेवतो आणि सांगू लागतो की पासवर्ड कुठेच जात नाही. जातो तो त्याचा हॅश, तोसुद्धा आणखी सॉल्ट मिसळून, हजार वेळा घुसळून, त्यातून मूळ शब्द परत काढता येत नाही. समोरची व्यक्ती सगळं नीट ऐकून घेते आणि शेजारणीला म्हणते, "म्हणजे दिसतात."

त्याला मनापासून भीती एकाच गोष्टीची. खात्यांचे कप्पे इकडचे तिकडे सरकवताना एखादा सिंकच्या कक्षेबाहेर गेला, तर त्यातली माणसं नोकरी सोडून गेली असं क्लाउडला वाटतं आणि तो सगळ्यांना एका फटक्यात काढून टाकतो. तीस दिवस ती परत आणता येतात हे खरं, पण ते तीस दिवस आयटीला साहेबांच्या केबिनमध्ये काढावे लागतील. यासाठी सिंकमध्ये एक राखणदार ठेवलेला असतो. एका वेळी पाचशेहून जास्त जण पुसले जात असतील, तर तो हात आखडतो. मोठमोठ्या कंपन्यांना हे ठीक. पण सव्वाचारशे माणसांच्या कंपनीत मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे उडाले, तरी हा राखणदार हूं की चूं करणार नाही! आयटीच्या हे एका रात्री अंथरुणात लक्षात आलं. सकाळी चहाच्या आधी त्याने तो आकडा वीसवर आणला.

हल्ली मदतीला हिंजवडीहून एक तरुण कन्सल्टंट येतो. सगळं क्लाउडवरच व्हावं अशी त्याची श्रद्धा. परवा क्लाउडच्या पोर्टलवर कुणाचा तरी हुद्दा बदलायला गेला, तर ती चौकट करडी पडलेली, आत टाइपच होईना.

"सर, हे एडिट का होत नाही?"

"कारण ते तिथलं नाहीच," आयटी स्वेटरची बाही ओढत म्हणाला. त्या एका वाक्यासाठी तो वीस वर्षं त्या खोलीत बसला असावा. "मूळ इथे आहे. तिकडे दिसतं ते इथलं."

खंडेनवमीला लेथ, प्रेस, फोर्कलिफ्ट सगळ्यांना हार पडतात, तसा सर्व्हर रूममध्येही पडतो. डोमेन कंट्रोलरला कुंकू, यूपीएसला कुंकू, लिंबू दाराशी. क्लाउडवालीला कुंकू लावायची सोय नाही, म्हणून तिच्या वाटणीचं सिंकच्या सर्व्हरला. यंदा आरतीला अमेरिकेहून एमबीए करून आलेले धाकटे साहेब हजर होते. त्यांनी रॅककडे पाहिलं, विजेचं बिल आठवलं असावं.

"आता सगळं क्लाउडवर गेलंय ना? मग हे डबडं अजून कशाला ठेवलंय?"

"ठेवलंय म्हणून तुमचं लॉगिन होतंय साहेब," आयटी म्हणाला.

धाकट्या साहेबांनी खिशातून फोन काढला, मेल उघडतेय का ते पाहून घेतलं, आणि शिपायाला म्हणाले, "अरे, याला एवढासाच हार? मोठा आण."