मामा अडकले

रविवारी सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी आमचे मामा आईच्या टॅबमध्ये अडकले. तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले, एक हात कानामागे खाजवायला निघालेला. मागे गुहागरच्या घराची पडवी. शिंक येता येता राहिलेल्या माणसाचं जे होतं ते मामांचं झालं होतं. फक्त साडेबारा वाजले तरी शिंक काही आली नाही.

नुसते मामा अडकले असते तर एवढं काही नव्हतं. त्यांच्याबरोबर शब्द अडकला होता. "ताई, तुला एक विचारायचं राहिलंच बघ, ते वाटण..." एवढं म्हणाले आणि थांबले.

आईचा भाजणी मळणारा हात परातीत तसाच राहिला. "वाटणी म्हणाला ना रे?"

माझ्या आजोबांचं घर, त्यामागची सात गुंठे जागा, दोन कलमं आणि उन्हाळ्यात आटणारी एक विहीर, यांवर आमच्या घरात गेली वीस वर्षं कोणी काही बोलत नाही. २००५ साली देशाच्या कायद्यानं वडिलोपार्जित इस्टेटीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, ते आईनं पेपरात वाचलं आणि पेपर घडी करून रद्दीत टाकला. "हक्क मागितला की माहेर संपतं," एवढंच म्हणाली. आणि आता भावानं आपणहून विषय काढला, तो नेमका तीन अक्षरांतल्या तिसऱ्यावर अडकला!

"फोन लावा ना मामांना," असं बायको म्हणाली. लावला. मामांचा फोन 'व्यस्त', कारण ते बहुधा आम्हाला लावत होते. पुढचा अर्धा तास दोन्हीकडचे लोक एकमेकांना व्यस्त ठेवत होते. मग गुहागरची रेंजच गेली.

टॅबवर पहिला इलाज आईनं केला. तिनं मामांच्या कपाळावर नखानं टकटक केलं. तिची पिढी काचेला नखानंच शिवते, बोटाचे डाग पडतात म्हणून. या काचेला दाब कळत नाही. बोटाच्या कातडीनं तिच्या विद्युतभारात जो बारीक फरक पडतो तो कळतो, आणि त्या हिशेबात नख म्हणजे लाकडाची काडी. मी हे समजावल्यावर तिनं बोट लावलं. त्या बोटाला भाजणी आणि तेलाचं मोहन होतं. मामांच्या गालावर चकलीचा ऐवज चिकटला, बाकी फरक नाही.

दुसरा इलाज मी केला. जुन्या टीव्हीला मारायचो तशी मागून थाप. आमच्या लहानपणी या थापेनं दूरदर्शनवरच्या मुंग्या जायच्या. आई कळवळली, "अरे, लागेल त्याला!"

तळमजल्यावर नववीतला एक मुलगा राहतो. त्यानं जिन्यातूनच विचारलं, "काका, वरच्या कोपऱ्यातलं घड्याळ चालतंय का? घड्याळ चालत असेल तर नेट गेलंय. घड्याळपण थांबलं असेल तर टॅब हँग आहे." घड्याळ ११:१७ वर होतं. बॅटरी शहाऐंशी टक्के, हे देखील ११:१७ चंच सत्य. "मग पॉवरचं आणि आवाज कमी करायचं अशी दोन बटणं एकदम दाबून धरा. दहा सेकंद. सोडायची नाहीत." आणि क्लासला पळाला. रविवारी!

मी बटणं दाबली. काहीच झालं नाही. पुन्हा दाबली. मग ठरवलं की प्रकरण आपल्या हाताबाहेरचं आहे.

स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत. टॅब भाजीच्या पिशवीत उभा ठेवला, तरी मामा वरून बाहेर डोकावत होते. शेअर रिक्षात शेजारच्या बाईनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "कोण हो?"

"मामा."

"काय झालं?"

"अडकलेत."

तिनं हात जोडले.

दुकानदारानं टॅब हातात घेतला नाही, नुसता मान वाकडी करून पाहिला. "बोर्ड गेला असणार. नाहीतर सॉफ्टवेअर मारावं लागेल. बाराशे. डेटा जाईल."

"डेटा म्हणजे?"

"सगळंच."

"हे?" मी मामांकडे बोट केलं.

"हे तर पहिले."

मी मामांना घेऊन परत आलो. 'सॉफ्टवेअर मारणे' या शब्दांत काहीतरी सुपारी दिल्यासारखं आहे, आणि माझ्या सख्ख्या मामांची बाराशे रुपयांत?

घरी आल्यावर कळलं की बायकोनं तोपर्यंत शास्त्रोक्त चौकशी केली होती. तिच्या मैत्रिणीकडे आयपॅड आहे. ज्या आयपॅडला ते गोल होम बटण नाही, त्याला म्हणे आधी आवाज वाढवायचं बटण दाबून सोडायचं, मग कमी करायचं दाबून सोडायचं, मग वरचं बटण धरायचं ते सफरचंद दिसेपर्यंत. केशवाय नमः, नारायणाय नमः, आणि मग प्राणायाम. आमच्या टॅबचा संप्रदाय वेगळा, पण आचमन चुकलं की फळ मिळत नाही हे तत्त्व तेच. "तुम्ही नक्की बटणच दाबलंत ना?" तिनं विचारलं.

मी टॅबकडे पाहिलं. टॅबला आईनं शिवलेली खोळ होती. उरलेल्या खणाची, आत कापूस घालून, कडेनं दुहेरी शिलाई. मी दहा सेकंद इमानानं कापूस दाबला होता.

खोळ काढली, तशी आई घाबरली. "बंद केलास तर सगळं पुसलं जाईल. फोटो, पोरांचे व्हिडिओ..."

"आई, यात दोन जागा असतात. एक ओटा, एक फडताळ. तू काम करताना सगळं ओट्यावर काढतेस की नाही? पातेलं, परात, किसणी. ओटा भरला की नवं काही ठेवायला जागा राहत नाही, आणि मग तू चिडतेस. तसा हा चिडलाय. बंद करून चालू केला की ओटा साफ होतो. फडताळातलं कोणी हलवत नाही."

"आणि फडताळच भरलं असेल तर?"

प्रश्न बरोबर होता. बत्तीस जीबीच्या फडताळात सुप्रभाताचे गुलाब, कपातली वाफ आणि गेल्या तीन वर्षांतला प्रत्येक गुरुवार कोंबलेला होता. मी मागे एकदा पुसायला सांगितलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "दत्तगुरूंवर डिलीट कसं दाबू?" याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

मी दोन्ही बटणं दाबली. सातव्या सेकंदाला वाटलं, मामांची पापणी हलली. हात सुटला. पुन्हा दाबली, पुन्हा सातलाच सुटला. चालत्याबोलत्या माणसाचा असा गळा दाबल्यासारखा बंदोबस्त करणं माझ्यानं होईना.

"दे इकडे," आई म्हणाली. पदरानं कडा पुसल्या, अंगठे बटणांवर ठेवले, डोळे मिटले आणि शुभंकरोती म्हणायला लागली. तिचं वेळेचं माप हेच आहे. कुकरच्या शिट्ट्यांनंतर जेवढा वेळ थांबायचं तो वेळही ती स्तोत्रांतच मोजते. शेवटच्या ओळीला पडदा काळा झाला. मामा गेले.

"गेला?" आईनं डोळे उघडून विचारलं. आवाज बारीक झाला होता. मग काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं आणि आई पहिल्यांदा खुर्चीत टेकली. नंतर मी घड्याळ लावून मोजलं. आईची एक शुभंकरोती पंधरा सेकंदांची होते. दुकानदाराला हे माप ठाऊक असतं तर त्याचे बाराशे रुपये बुडाले असते. की म्हणूनच त्यानं टॅबला हात लावला नाही, कोण जाणे.

दोन वाजून दहा मिनिटांनी मामा लागले. हलणारे, खाजवणारे.

"ताई, रागावलीस का गं? मी विचारलं आणि तू असं तोंड करून बघत बसलीस, मग फोनच कापलास."

"मी कशाला कापते! काय विचारत होतास तू?"

"अगं, ते वाटण. परवाचं खोबऱ्याचं वाटण उरलंय वाटीभर. फ्रीजमध्ये आहे. चालेल का आज आमटीला?"

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "वास घेऊन बघ. आंबूस आला तर टाकून दे." मग पाऊस, कलमांचा मोहोर, भाच्याचा गुडघा असं सगळं झालं आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "बघ, उगाच तीन तास."

"शब्द फिरवला त्यानं," आई भाजणीकडे वळत म्हणाली. "तीन तास बघत होते मी त्याचं तोंड. वाटण म्हणताना तोंड असं नाही होत. दात दिसत होते त्याचे. वाटणीच म्हणत होता तो."

रात्री मी न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहून दोन्ही शब्द पाच-सहा वेळा म्हणून पाहिले. वाटण. वाटणी. वाटण. वाटणी. बाहेरून बायकोनं दार वाजवलं.

"तुम्ही अडकलात का?"